दोन बोटं माया

“परत यावंच लागतं का?”

प्रश्न विचारून झाला आणि शिट्टी खाली बसायचंच विसरली. कॉलेजच्या त्या उंच सभागृहात तिचा आवाज माइकशिवाय पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला, भिंतीवर आपटला आणि परत आला. नववीच्या या मुलीला सगळे शिट्टी का म्हणतात, हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही त्या क्षणी कळलं.

झालं होतं असं, की शाळेनं नववीच्या वर्गाला कॉलेज बघायला आणलं होतं. प्रयोगशाळा झाली, ग्रंथालय झालं आणि शेवटी सगळ्यांना या सभागृहात मागच्या बाजूला कोंबलं. इथं कॉलेजच्या मुलांसाठी ‘एक सत्र परदेशात’ या योजनेची माहिती चालली होती. सांगणाऱ्या मॅडमच्या अंबाड्यात एक पेन्सिल खोचलेली होती. अर्ज कसा करायचा, निबंध किती शब्दांचा, मुलाखत कधी, सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं आणि विचारलं, “काही शंका?” सभागृहात चिडीचूप. तेवढ्यात डावीकडून तिच्या वर्गातल्या जिराफनं शिट्टीला कोपर मारलं आणि उजवीकडून गोटी कानाशी कुजबुजली, “विचार ना, परत यावंच लागतं का! विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू.”

गेल्या वर्षीपर्यंतची शिट्टी असती तर लाजून खुर्चीखाली शिरली असती. पण यंदा तिला वादविवादाच्या संघात घेतलं होतं, आणि तेव्हापासून आपलं तोंड ही लपवायची वस्तू नव्हे असा शोध तिला लागला होता. शिवाय दप्तर खरंच जड होतं.

सगळं सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि शिट्टीकडे रोखली.

“लागतं. पाच महिन्यांनी इथं येऊन परीक्षेला बसायचं, नाहीतर ते सत्र धरलंच जात नाही. आणि जायचं ते दुसऱ्या वर्षालाच, तिसऱ्या वर्षी अर्ज घेत नाही. पण मुली, हा प्रश्न मला दरवर्षी आईवडील विचारतात. तुझ्या घरचं कोणी जातंय का?”

“छे हो!” असं म्हणत शिट्टी ऐटीत मागे वळली. खांबाआडच्या खुर्चीत, तोंडासमोर फाइल धरून, तिची ताई बसली होती. याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली, पण या वेळी दुकानात कापड बेतत असायला हवी होती ती ताई.

*

“घरी एक अवाक्षर काढलंस तर बघ,” घरी जाताना ताई म्हणाली.

“अगं पण तू अर्ज करणार? खरंच? विमानानं?”

“नाही, चालत. हळू बोल, अख्खा रस्ता ऐकतोय.”

लपवायचं कारण शिट्टीला विचारावं लागलं नाही. कारण कोपऱ्यावरच उभं होतं, वर पाटी होती, आत दोन मशीन होती आणि एक लांबलचक टेबल. बाबांचं शिवणाचं दुकान. दोन वर्षांपूर्वी बाबा जिन्यावरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण ताकद पूर्वीची आली नाही. मशीनवर त्यांचा हात अजूनही असा चाले की बघणाऱ्यानं बघत राहावं, पण कापड कापायची मोठी कात्री त्यांना उचलवेना. ती कात्री आजोबांची, लोखंडी, चांगली हातभर. घरात तिला ‘थोरली’ म्हणत. दोरे कापायची छोटी ती ‘धाकटी’. बाबांच्या हातातून थोरली सुटली ती थेट ताईच्या हातात गेली. तेव्हापासून माप घेणं बाबांचं, शिवणं बाबांचं, काजं-बटणं आणि इस्त्री आईची, आणि कापणं एकट्या ताईचं. शिट्टीला फक्त धाकटीला हात लावायची परवानगी होती. “तुझं तोंड चालू असतं तेव्हा हात कुठे चालतो हे तुलाच माहीत नसतं,” असं आईचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

आता ताई पाच महिने गेली तर कापणार कोण? त्यात तेच गणवेशांचे महिने. दोन शाळांचे मिळून तीनशेवर गणवेश.

“मग अर्ज कशाला करतेस?” शिट्टीनं विचारलं.

ताईनं दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, “पोस्टातल्या काकांची पँट आठवते?”

न आठवायला काय झालं! पोस्टातले काका चाकाच्या खुर्चीवर असत. सगळ्या पँटी बेतलेल्या असतात उभ्या माणसासाठी. बसलं की पाठीमागून खाली घसरतात आणि पुढे पोटाशी कापडाचा बोंगा होतो. काका वर्षानुवर्षं शर्ट बाहेर सोडून ते झाकत. ताईनं एकदा ते बघितलं आणि ती खुर्चीभोवती दोनदा फिरली. मग तिनं बसलेल्या माणसाचं माप घेतलं. मागची उंची चार बोटं वाढवली, पुढची कमी केली, गुडघ्याला जागा सोडली, मागचे खिसे काढून मांडीवर आणले. ती पँट घालून काका आरशासमोर आले, शर्ट आत खोचला, आणि म्हणाले, “पोरी, अकरा वर्षांनी मी शर्ट आत खोचला.” बाबा मशीनवर मान घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण मशीन मात्र बराच वेळ बंद होतं.

“तिकडे हेच शिकवतात,” ताई म्हणाली. “बसून असणाऱ्यांचे कपडे, एकाच हातानं घालता येतील असे कपडे. पूर्ण एक सत्र. मी आपली अंदाजानं करते गं. तिथं ते हिशेबानं करतात.”

शिट्टीनं ताईकडे असं पाहिलं जसं लहान मुलं विमानाकडे बघतात. आणि मग चक्क दीड महिना तोंड बंद ठेवलं. तिच्या आयुष्यातला तो विक्रम होता.

*

त्या दीड महिन्यात शिट्टीनं जे पाहिलं, त्याला ती अर्ज भरणं म्हणायला तयार नव्हती. ताईनं तो अर्ज चक्क शिवला.

निबंधाला मर्यादा पाचशे शब्दांची. ताईचा झाला नऊशेचा. तिनं तो मोठ्या अक्षरात कागदावर उतरवला, धाकटीनं वाक्य न् वाक्य वेगळं कापलं आणि झोपायच्या खोलीतल्या पडद्यावर टाचण्यांनी लावलं. मग समोर उभी राहून, डोकं तिरकं करून, खडू कानामागे ठेवून बघत बसली. एक पट्टी काढ, दुसरी वर सरकव. “हे वाक्य ओढतंय,” म्हणायची. “इथे चुण्या पडल्यात.” आई अचानक आत आली की शिट्टी पडद्याला पाठ लावून उभी राही आणि वादविवादाची तयारी चाललीय असं ठणकावून सांगे.

“पडद्यासमोर?” आई विचारायची.

“समोरच्या पक्षाला बघायची सवय हवी ना!”

पण निबंध पाचशेवर आला तेव्हा शिट्टीचा जीव हळहळला. सगळ्यात सुंदर वाक्य ताईनं काढून बाजूला ठेवलं होतं. दुकानातल्या मायेबद्दलचं.

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाहेरून दिसत नाही, पण मूल वाढलं, माणूस सुटला, तर शिवण उसवायची, आतली माया बाहेर काढायची आणि कपडा अंगाला पुन्हा नीट बसवायचा. बाबा दर शिवणीत एक बोट माया ठेवत. त्यांच्या दुकानातला गणवेश दोन वर्षं चालतो, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

“हे का काढलंस?” शिट्टी कळवळली.

“काढलं नाही. आत दुमडलंय,” ताई शांतपणे म्हणाली. “मुलाखतीत ते मला उसवणार. तेव्हा आत काही शिल्लक नको?”

शिट्टी उडालीच. असलं डोकं आपल्या घरात, आपल्याच पलंगाच्या दुसऱ्या टोकाला झोपतं!

मुलाखतीची तयारी शिट्टीनं घेतली. बाबांचा जुना चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून ती पलंगावर बसे आणि प्रश्नांची झोड उठवी. “बसलेल्या माणसाची मागची उंची किती वाढवाल? का? कापडाचा उभा धागा कुठे धराल? आणि चुकलात तर?” ताई उत्तर देताना जुन्या वर्तमानपत्रावर खडूनं काढून दाखवी, शिट्टी ते कागद जमवून ठेवी आणि संध्याकाळी गच्चीवर बसून त्या खुणांवरून कापत बसे. हेतू काही नव्हता. आपल्याला आवडलेलं गाणं माणूस गुणगुणतो, तसं.

मुलाखत कॉलेजातल्या संगणकावरून झाली. ताई बाहेर आली ती चेहरा लाल करून.

“काय विचारलं? काय विचारलं?”

“विचारलं, तुमच्या दुकानातली एखादी पद्धत सांगा, जी आमच्याकडे नसेल. मी माया सांगितली. ते म्हणाले, असं कापड तर आम्हीही सोडतो. मी म्हटलं, सोडत असाल, पण त्याला म्हणता काय? आमच्या भाषेत आईला पोराची वाटते तिलाही माया म्हणतात आणि शिवणीतल्या कापडालाही माया. दोन्ही बाहेरून दिसत नाहीत, आणि दोन्ही माणूस वाढणार हे धरूनच ठेवलेल्या असतात.”

“मग?”

“मग मुलाखत घेणाऱ्या तिघांनीही पेन उचललं आणि लिहून घेतलं.”

नऊ दिवसांनी निवडीचं पत्र आलं. सगळा खर्च तिकडचं विद्यापीठ करणार होतं. आता घरी सांगणं भाग होतं, कारण सह्या हव्या होत्या.

*

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताईनं टेबलावर पत्र ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

आईच्या तोंडाचा चंबू झाला. “पाच महिने? अगं, तू पाच मिनिटं बाहेर गेलीस तर या घरात टेप सापडत नाही!” मग शिट्टीकडे वळून, “आणि तुला माहीत होतं? तुला? आणि तू बोलली नाहीस? बरी आहेस ना?”

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

“तिकडे उभ्यानं कापतात की बसून?” बाबांनी विचारलं.

“माहीत नाही, बाबा.”

“विचारून घे. टेबलाची उंची वेगळी असली तर पाठ धरते.” आणि त्यांनी सही केली.

झालं. ताई रडली, आई तिला रडू नको म्हणत स्वतः रडली, शिट्टीनं आनंदानं अशी आरोळी ठोकली की समोरच्या चष्म्याच्या दुकानातले लोक बाहेर आले.

व्हिसासाठी फोटो लागणार होते. मोठ्या कागदावर सहा फोटो छापून आले, ते मापात कापायचे होते. बाबा म्हणाले, “हे मी करणार. थोरली उचलत नसलो तरी धाकटी येते मला.” त्यांनी टेपनं मापं घेतली, पेन्सिलनं रेघा मारल्या आणि एकेक फोटो असा जपून कापला की जणू रेशीम. अर्ज गेला. चार दिवसांनी परत आला. कारण दिलं होतं, ‘फोटोचं माप चुकीचं.’

ताईनं फोटो हातात घेतला, टेप लावला आणि मटकन खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी प्रत्येक फोटोला चारी बाजूंनी एकेक बोट माया ठेवली होती.

“अहो, फोटोला माया?” आई म्हणाली.

“कसलं ते ऑफिस,” बाबा पुटपुटले, कानापर्यंत लाल होऊन. “माया चालत नाही म्हणे!”

नवे फोटो गेले. तो अर्ज मार्गी लागला. पण गणवेशांचं काय, ते तसंच राहिलं होतं. बाबांनी कापायला एक नवे मास्तर बोलावले. माणूस चपळ. पहिल्याच दिवशी वीस शर्ट कापून मोकळे झाले आणि उरलेलं कापड अभिमानानं बाबांपुढे ठेवलं. “बघा, केवढं वाचवलं!”

बाबांनी एक तुकडा उचलला, शिवणीच्या रेघेपासून कडेपर्यंत बोट ठेवलं. बोट बाहेर राहिलं.

“माया?”

“कशाला हवी? पोर वाढलं की नवा शिवेल!”

बाबांनी मास्तरांना चहा पाजला, दिवसाची मजुरी दिली आणि दारापर्यंत सोडलं. ‘दुसरे मास्तर बघू,’ असं आईला म्हणाले. पण नंतर ते त्या वीस शर्टांचे तुकडे एकेक करून बघत बसले, आणि ताई दारातून बाबांना बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर शिट्टीनं पाहिलं, तर पडद्यावरच्या टाचण्या ताई काढून डबीत भरत होती.

“शुक्रवारपर्यंत पक्कं हो की नाही कळवायचंय,” ताई म्हणाली. “मी नाही कळवणार आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही. बाबा हो म्हणाले हेच पुष्कळ झालं. गणवेश असे बिनमायेचे कापलेले बघत बसतील ते पाच महिने? पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी तू तिसऱ्या वर्षाला! तिसऱ्या वर्षी घेत नाहीत, मी स्वतः ऐकलंय!”

“मला माहीत आहे गं,” ताई म्हणाली, आणि तिनं डबीचं झाकण लावलं.

*

गुरुवारी शाळा लवकर सुटली. शिट्टी दुकानात आली. बाबा गणवेशांची बटणं आणायला गेले होते, आई आत इस्त्रीवर. ताई कॉलेजात, बहुतेक त्या पेन्सिलवाल्या मॅडमकडे.

टेबलावर थोरली पडली होती.

शिट्टीनं स्वतःच्या नव्या गणवेशाचं कापड काढलं. दुसऱ्या कोणाच्या कापडाला हात लावायची तिची छाती नव्हती. उभा धागा बघितला, घडी घातली, टेपनं स्वतःचं माप घेतलं, ते घेताना स्वतःभोवती तीनदा गिरकी मारली आणि टेपमध्ये अडकली. मग खडूनं रेघा ओढल्या. वाकड्या आल्या म्हणून पुसल्या, पुन्हा ओढल्या. गच्चीवर तिनं किमान शंभर वर्तमानपत्रं कापली होती, पण वर्तमानपत्र चुकलं तर कोणी गणवेशाविना राहत नाही.

थोरली उचलली. बापरे, काय वजन! ताई ही रोज उचलते, दिवसभर, आणि वर कॉलेजला जाते, आणि वर निबंध लिहिते! शिट्टीला एकदम भीती वाटली. मशीनची शिवण चुकली तर उसवता येते. खडू पुसता येतो. कात्री तेवढी परत येत नाही.

‘आणि चुकलात तर?’ हा प्रश्न चष्मा लावून तिनंच ताईला दहादा विचारला होता. आणि ताईचं उत्तर तिला पाठ होतं.

तिनं खडू पुन्हा उचलला. सगळ्या रेघांच्या बाहेर आणखी एकेक रेघ मारली. मग श्वास रोखला आणि कापलं.

बाबा परत आले तेव्हा टेबलावर स्कर्टचे पुढचा-मागचा असे दोन भाग अंथरलेले होते आणि शिट्टी शेजारी उभी होती. गप्प. आई तिला गप्प बघूनच इस्त्री सोडून बाहेर आली. तेवढ्यात ताई दारात पोहोचली, तिच्या हातात हो-नाही लिहून द्यायचा कॉलेजचा कागद होता. अजून कोराच होता.

बाबांनी पिशवी ठेवली. ते वाकले. उभा धागा पाहिला. दोन्ही भाग एकावर एक ठेवून कडा जुळवल्या. मग कडेवर बोट ठेवलं. एक बोट. मग शेजारी दुसरं.

“माया एक बोट ठेवतात,” बाबा म्हणाले.

“मला माहीत आहे. दोन ठेवलीय,” शिट्टी म्हणाली, आणि आवाज जमला तसा धीट ठेवला. “मी चुकणार, बाबा. सुरुवातीला तर नक्की चुकणार. तुम्हाला सुधारायला जागा नको?”

बाबांनी मान वर केली. त्यांनी त्या दोन बोटांकडे बघितलं, मग आपल्या धाकट्या लेकीकडे, मग दारातल्या थोरलीकडे. आईनं पदर तोंडाला लावला, हसायला की कशाला ते तिचं तिलाच ठाऊक.

“कमरेत थोडं तिरकं गेलंय,” ताई दारातूनच म्हणाली. “पण निघेल. माया आहे.”

शिट्टीनं दीर्घ श्वास घेतला, वादविवादाच्या व्यासपीठावर घेते तसा, आणि टेबलावरची मोठी कात्री दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली.

“आई, बाबा, ऐका. माझं ठरलंय. ताईनं कोणाला नाही-बिही कळवायचं नाही. ती जाईपर्यंत रोज संध्याकाळी ती मला शिकवणार, आणि ती गेल्यावर शाळा सुटली की इथं कापायला मी उभी राहणार, सगळे तीनशे गणवेश, दोन बोटं मायेनं, हात बसला की एक बोट. मंगळवारी मात्र नाही, मंगळवारी वादविवाद असतो आणि तो मी सोडणार नाही. बाकी सगळे दिवस थोरली माझी. आमची खरी थोरली परत येईपर्यंत.”